दूध बिलाचं वर्कबुक एक्सेलमधून कॅल्कमध्ये नेताना: कामाच्या नोंदी

काम: गावपातळीवरच्या एका दूध संस्थेचं दहा दिवसांच्या बिलाचं वर्कबुक. मूळ फाइल एक्सेल ३६५ मध्ये तयार झालेली, मॅक्रोसकट. आत सहा प्रकारच्या शीट: सभासद, संकलन, दरपत्रक, कपात (दर महिन्याची एक, अशा बारा), बिल, पावती. कॅल्क म्हणजे लिबरऑफिसमधलं स्प्रेडशीट. नोंदींतले फॉर्म्युले कॅल्कच्या पद्धतीने लिहिले आहेत, म्हणजे दोन घटकांमध्ये अर्धविराम आणि शीटच्या नावानंतर टिंब. एक्सेलमध्ये तिथे अनुक्रमे स्वल्पविराम आणि उद्गारचिन्ह येतं. फाइल उघडताना हा बदल प्रोग्राम आपोआप करतो. अडचण येते ती फॉर्म्युला मेसेजमधून उचलून चिकटवला की. एरर ५०८ किंवा ५०९ दिसली तर आधी कंस आणि ही चिन्हं तपासावीत.

३ फेब्रुवारी २०२५

फाइल कुठे कुठे चालायला हवी ते आधी ठरवलं. कार्यालयातल्या एका संगणकावर लिबरऑफिस २४.८ आहे. दुसऱ्यावर उबुंटू २२.०४ आणि त्याच्याबरोबर आलेलं लिबरऑफिस ७.३. संकलन केंद्रं मोबाइलवर गुगल शीट्समध्ये भरतात. लेखापरीक्षकांकडे एक्सेल २०१९. फाइलमध्ये एक्सलुकअप (यादीत शोधून शेजारची माहिती आणणारं) आणि फिल्टर (अटीत बसणाऱ्या ओळी काढणारं) सर्रास वापरलेत. ही दोन्ही फंक्शन्स लिबरऑफिसमध्ये २४.८ पासून आली आणि एक्सेल २०१९ मध्ये ती नाहीतच. म्हणून नियम असा: चारही ठिकाणी असलेलं फंक्शनच वापरायचं. २४.८ वर चाललं म्हणून ठेवून दिलं असं करायचं नाही.

फाइल कॅल्कमध्ये उघडली, सगळे आकडे जागच्या जागी दिसले. याला काहीही अर्थ नाही, आणि या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या फाइलमध्ये प्रत्येक सेलचा फॉर्म्युला असतो आणि शेजारी त्याचं शेवटचं उत्तरही साठवलेलं असतं. कॅल्क मुळात फाइल उघडताना फेरगणना करत नाही, साठवलेलं उत्तर दाखवतो. फॉर्म्युला समजला नसला तरी आकडा दिसतो. सेलला हात लागला की मग तिथे #नेम? येतं, म्हणजे फंक्शनचं नाव ओळखलं नाही. कमांड लाइनवरून शेकडो फाइली एका दमात ओडीएस (कॅल्कचा स्वतःचा फाइल-प्रकार) करणाऱ्यांनाही हाच धोका आहे: जुनी उत्तरं तशीच नव्या फाइलमध्ये उतरतात आणि रूपांतर यशस्वी झाल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिलं पाऊल: टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस कॅल्क, फॉर्म्युला. तिथे 'रीकॅल्क्युलेशन ऑन फाइल लोड' खाली एक्सेल २००७ आणि पुढच्या फाइलींसाठी 'ऑलवेज' निवडलं. उघडलेल्या फाइलवर कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबलं तरी पूर्ण फेरगणना होते. एक्सेलमध्ये त्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एफ९.

फेरगणना केल्यावर ७.३ वर बिल आणि पावती या दोन्ही शीट #नेम? ने भरल्या. आता खरी यादी हाती आली.

४ फेब्रुवारी

तुलनेची सोय केली. मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून प्रत्येक शीटची फक्त मूल्यं एका वेगळ्या वर्कबुकमध्ये चिकटवली. फॉर्म्युला एकही नाही. हीच कसोटी. रूपांतरित शीट शेजारी ठेवून:

=इफ(अ‍ॅब्स(जी२-$जुनं.जी२)<०.००५;"";"फरक")

सीमा ०.००५ कारण पैशाच्या निम्म्याहून कमी फरक बिलावर उमटत नाही. शीटमध्ये किती सेल बिघडलेत ते मोजायला:

=समप्रॉडक्ट(इझएरर(ए२:जे५०००)*१)

हा फॉर्म्युला चारही ठिकाणी जसाच्या तसा चालतो, म्हणून शीटच्या माथ्यावर कायमचा ठेवला.

कॅल्कमध्ये कंट्रोल-एफ८ दाबलं की आकडे निळे, फॉर्म्युले हिरवे आणि मजकूर काळा दिसतो. हिरव्या रकान्यात मध्येच निळा ठिपका दिसला तर कुणीतरी फॉर्म्युल्यावर हाताने आकडा टाइप केलेला असतो. कपात शीटमध्ये असे काही सापडले. सचिवांना दाखवून त्यांच्याकडून कारण लिहून घेतलं. पशुखाद्याची उधारी मागच्या बिलातून पुढे ओढलेली होती. त्या आकड्यांना आता स्वतःचा रकाना दिला.

६ फेब्रुवारी

एक्सलुकअप काढून इंडेक्स-मॅच. बदल सरळ आहे, पण मॅचचा तिसरा घटक ० लिहिलाच पाहिजे. एक्सलुकअप काही न सांगता तंतोतंत जुळणी करतं. मॅच आणि व्हीलुकअप शेवटचा घटक सोडला तर जवळची जुळणी करतात आणि यादी क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरतात. घाईत बदल केला की सभासद १०७ च्या बिलावर १०६ चं नाव येतं आणि एररही दिसत नाही.

फिल्टरला जास्त विचार लागला. पावतीवर एका सभासदाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी येतात: महिन्याच्या शेवटच्या बिलात एकवीस ते एकतीस म्हणजे अकरा दिवस, जास्तीत जास्त २२ ओळी. फिल्टर एका सेलमध्ये लिहिलं की उत्तर खाली आपोआप पसरतं. कॅल्कमध्ये असं पसरणं नाही. तिथे ते ठरावीक मापाच्या सेल-गटाचं अ‍ॅरे होऊन बसतं. मूळ फाइल सेव्ह करताना पडद्यावर १८ ओळी असतील तर १८ च येतात, २२ नोंदींच्या सभासदाच्या शेवटच्या चार गायब. शिवाय फाइल पुन्हा एक्सेलमध्ये नेली की ते महिरपी कंसातलं जुन्या पद्धतीचं अ‍ॅरे होतं, पसरण्याचा गुण परत येत नाही.

उपाय: संकलन शीटमध्ये एक मदतीचा रकाना. शीट सभासद क्रमांकाने लावून घ्यायची, मग जी रकान्यात नोंदीचा अनुक्रम:

=इफ(बी२=बी१;जी१+१;१)

आणि एच रकान्यात किल्ली: =बी२&"-"&जी२

अनुक्रमासाठी काउंटइफ($बी$२:बी२;बी२) असा वाढत जाणारा पट्टाही चालला असता आणि मग क्रमाने लावायचीही गरज नव्हती. पण ५००० ओळींवर तो सुमारे सव्वा कोटी तुलना करतो. जुन्या संगणकावर प्रत्येक एन्टरनंतर वाट बघावी लागते. पावतीवर बी१ मध्ये सभासद क्रमांक, बी२ मध्ये त्याच्या नोंदींची संख्या आणि खाली:

=इफ(रो(ए१)>$बी$२;"";इंडेक्स($संकलन.डी$२:डी$५०००;मॅच($बी$१&"-"&रो(ए१);$संकलन.$एच$२:$एच$५०००;०)))

इथे इफएरर मुद्दाम वापरलेलं नाही. इफएरर रिकामी जागा दाखवतं, आणि रिकामी जागा म्हणजे नोंद नाही की नोंद सापडली नाही, हे मग कळत नाही. सभासदाच्या पावतीवर #एन/ए (सापडलं नाही) दिसलेलं परवडतं, दूध गहाळ झालेलं नाही.

७ फेब्रुवारी

किल्लीचा रकाना एका जुन्या ओडीएस फाइलमध्ये चिकटवून पाहिला तर सभासद २ च्या पावतीवर सभासद १२ चं दूध आलं. कारण त्या फाइलच्या सेटिंगमध्ये आहे: टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट. 'सर्च क्रायटेरिया… होल सेल्स' ही खूण काढलेली असेल तर "२-१" हा मजकूर "१२-१" च्या पोटातही सापडतो. एक्सेल नेहमी पूर्ण सेल जुळवतं, त्यामुळे एक्सेलवाल्याला असं काही असतं याची कल्पनाच नसते. तिथेच खाली वाइल्डकार्ड की रेग्युलर एक्स्प्रेशन हा पर्याय आहे. जुन्या फाइलींत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असतं, मग "प.१०१" मधलं टिंब कुठल्याही अक्षराशी जुळतं. दोन्ही सेटिंग फाइलबरोबर साठवली जातात, संगणकाबरोबर नाही. एक्सएलएसएक्स उघडली की कॅल्क एक्सेलसारखं वागतो. गडबड होते ती जुन्या ओडीएसचा साचा म्हणून वापर केल्यावर. नवं वर्कबुक कोऱ्या फाइलपासून करायचं ठरलं.

१० फेब्रुवारी

दरपत्रक. उभे फॅट ३.० ते ५.०, आडवे एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) ८.० ते ९.०, दोन्ही ०.१ च्या पायरीने; म्हणजे २१ ओळी, ११ रकाने. गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या चौकटीत, बाकीचे त्यावरून वर-खाली.

फॅटचा उभा रकाना =ए२+०.१ ओढत खाली नेऊन केलेला होता. ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका बसत नाही. ३.२ मध्ये ०.१ मिळवले की सोळाव्या दशांश स्थळी एक ३ उरतो. पडद्यावर ३.३ च दिसतं. पण हाताने टाइप केलेलं ३.३ आणि हे ३.३ आतून वेगळे. अशी जुळणी किती सैल करायची हे प्रत्येक प्रोग्राम आपल्या परीने ठरवतो, त्यामुळे एका ठिकाणी दर मिळतो आणि दुसरीकडे #एन/ए.

दशांशाला किल्ली करायचंच नाही. दहाने गुणून पूर्णांक करायचा आणि मॅच पूर्ण काढून टाकायचं:

=इंडेक्स($दरपत्रक.$बी$२:$एल$२२;राउंड(डी२*१०;०)-२९;राउंड(ई२*१०;०)-७९)

३.८ फॅट म्हणजे ३८ वजा २९, नववी ओळ. ८.५ म्हणजे ८५ वजा ७९, सहावा रकाना. राउंडच वापरायचं, इंट नाही; इंट ३७.९९९ ला ३७ करतं.

यात एक खोल खड्डा आहे. फॅट २.९ आलं तर ओळ क्रमांक ० होतो, आणि इंडेक्सला ० दिलं की एरर येत नाही, अख्खा रकाना परत येतो. जुनं एक्सेल त्यातून समोरच्या ओळीतला कुठलातरी दर उचलतं, नवं एक्सेल तो खाली पसरवायला जातं. पातळ दुधाला भलताच दर लागू शकतो. म्हणून बाहेरून इफ(ऑर(डी२<३;डी२>५;ई२<८;ई२>९);एनए();…) असं कुंपण घातलं. चौकटीबाहेरच्या दुधाचा दर सचिवांनी बघूनच लिहायचा.

११ फेब्रुवारी

दूध तपासणी यंत्राच्या फाइलमधून आलेले फॅट काही ओळींत मजकूर म्हणून बसलेले. एक्सेल डी२*१० करताना "३.८" या मजकुराचा गुपचूप आकडा करतं. कॅल्कच्या मूळ सेटिंगमध्ये निःसंदिग्ध असेल तेवढंच रूपांतर होतं: "४" चालतं, "३.८" ला #व्हॅल्यू! मिळतं, कारण दशांश चिन्ह देशागणिक बदलतं. म्हणून बरोब्बर ४ आणि ५ फॅटच्या ओळी नीट दिसत होत्या आणि बाकीच्या लाल. एररचा नमुना असा दिसला तर हेच कारण समजावं.

सेटिंग बदलून हे दडपता येतं, पण ते त्या एका संगणकापुरतं. त्यापेक्षा आयात करतानाच:

=नंबरव्हॅल्यू(ट्रिम(डी२);".")

हे एक्सेलमध्ये २०१३ पासून आहे, कॅल्कच्या दोन्ही आवृत्त्यांतही आहे आणि प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून नाही. बेरजेचं मात्र उलट आहे. सम() मजकुराला सगळीकडे शून्य न म्हणता सोडूनच देतं, एरर देत नाही. लिटरचा रकाना मजकूर असेल तर एकूण दूध कमी दिसतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. काउंट (फक्त आकडे मोजतं) आणि काउंटए (भरलेले सगळे सेल मोजतं) दोन्ही मोजून जुळवले.

तारखांचंही तसंच. "०५/०२/२०२५" हा मजकूर एका संगणकावर ५ फेब्रुवारी, दुसऱ्यावर २ मे, कॅल्कमध्ये एरर. डेट(), मिड() वापरून तोडून जोडली. बिलाचा क्रमांक:

=मिन(३;इंट((डे(ए२)-१)/१०)+१)

३१ तारखेला चौथं बिल निघू नये म्हणून मिन.

१३ फेब्रुवारी

कपात. बारा महिन्यांच्या बारा शीट आणि बिलात इनडायरेक्ट(बी१&"!डी२:डी३००"). इनडायरेक्टच्या आतला पत्ता हा प्रोग्रामच्या लेखी निव्वळ मजकूर. फाइल बदलताना त्याला कुणी हात लावत नाही. कोऱ्या ओडीएसमध्ये उद्गारचिन्हाचा पत्ता कॅल्कला कळत नाही, #रेफ! येतं. पत्त्याची पद्धत सेटिंगमधून बदलता येते, पण इथे इनडायरेक्टच नको. बारा शीट एकाखाली एक चिकटवून एक लांब कपात शीट केली, महिना आणि बिल क्रमांक असे दोन रकाने वाढवले आणि समइफ्स (अटी लावून बेरीज). वर्कबुक हलकंही झालं, कारण इनडायरेक्ट प्रत्येक बदलाला पुन्हा मोजलं जातं.

महिना १ ते १२ आकड्यातच ठेवला. टेक्स्ट() मधून महिन्याचं मराठी नाव काढून त्याची किल्ली करायची नाही. नावाचं स्पेलिंग प्रोग्रामच्या भाषा-माहितीतून येतं.

सभासद शीट एक्सेलमध्ये टेबल म्हणून होती. कॅल्क अशा टेबलचे संदर्भ वाचतो, पण ओडीएसमध्ये त्यांचे साधे पत्ते होतात. नवा सभासद खाली जोडला की एक्सेलचं टेबल आपोआप वाढतं, इथे नाही. पट्टे ५०० ओळींपर्यंत मोकळे ठेवले.

१८ फेब्रुवारी

सभासदांची नावं. ती जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेली, आणि केंद्रांवर मोबाइलच्या कीबोर्डने पुन्हा टाइप होतात. "गोऱ्हे" आणि "गोर्‍हे" डोळ्यांना एकच. पहिल्यात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. चिन्हं मोजणारं लेन() पहिल्याला ६ सांगतं, दुसऱ्याला ७. मॅच फसलं की आधी लेन बघावं. सगळी नावं एकाच रूपात आणली:

=सब्स्टिट्यूट(सी२;युनिकार(२३५२)&युनिकार(२३८१)&युनिकार(८२०५);युनिकार(२३५३)&युनिकार(२३८१))

नुसतं ८२०५, म्हणजे ते जोडचिन्ह, काढून टाकू नये. मग र चा रफार होऊन "गोर्हे" उमटतं. आणि खरं तर जुळणी नावावर नकोच, सभासद क्रमांकावर हवी. क्रमांकही सगळीकडे आकडा किंवा सगळीकडे मजकूर; १०१ आणि "१०१" कुठेच जुळत नाहीत.

२१ फेब्रुवारी

केंद्रांच्या गुगल शीटवरून क्वेरी आणि इम्पोर्टरेंज ही गुगलची फंक्शन्स वापरून गोषवारा तयार होत होता आणि तो दर दहा दिवसांनी एक्सएलएसएक्स म्हणून उतरवला जात होता. उतरवलेल्या फाइलमध्ये फॉर्म्युला असा दिसतो: इफएरर(…डमीफंक्शन("मूळ फॉर्म्युला");४१२.५). डमीफंक्शन नावाचं काही अस्तित्वातच नाही, म्हणून आतून #नेम? येतं, इफएरर ते गिळतं आणि उतरवतानाचा आकडा दाखवतं. पूर्ण फेरगणना केली तरी तोच आकडा. म्हणजे ३ तारखेची कसोटीही इथे आंधळी ठरते. केंद्राने नंतर दुरुस्ती केली तर ती या फाइलमध्ये कधीच पोचणार नाही.

शोधायचं असं: कंट्रोल-एच, 'अदर ऑप्शन्स', 'सर्च इन' मध्ये फॉर्म्युला, आणि शब्द डमीफंक्शन (फाइलमध्ये तो रोमन लिपीत असतो). सापडलेल्या प्रत्येक जागी आता कच्च्या नोंदी चिकटवून समइफ्स. केंद्रांनी फक्त कच्ची शीट भरायची, गोषवारा कार्यालयात.

२५ फेब्रुवारी

पावतीवरची अक्षरी रक्कम. हे काम एक्सेलमधलं मॅक्रो-फंक्शन करत होतं. ते गुगल शीट्समध्ये चालत नाही, आणि लेखापरीक्षकांकडे मॅक्रोची फाइल पाठवायची नाही. मॅक्रोशिवाय होतं. 'अंक' नावाची शीट केली: ए१ ते ए१०० मध्ये शून्य ते नव्व्याण्णवचे शब्द, बी१ ते बी९ मध्ये एकशे, दोनशे… नऊशे. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे तक्ता लागतोच. रुपये एम२ मध्ये असतील तर लाखांसाठी

=इंट(मॉड(एम२;१०००००००)/१०००००)

हजारांसाठी इंट(मॉड(एम२;१०००००)/१०००), शेकड्यांसाठी इंट(मॉड(एम२;१०००)/१००) आणि उरलेले इंट(मॉड(एम२;१००)). प्रत्येक भाग स्वतंत्र मदतीच्या रकान्यात, शून्य असेल तर रिकामा. शब्द इंडेक्स($अंक.$ए$१:$ए$१००;भाग+१) ने. एक अपवाद: शेकडा १ आणि उरलेले ० असतील तर "एकशे" नाही, "शंभर". पैसे वेगळे काढताना राउंड((एम२-इंट(एम२))*१००;०), नाहीतर काही रकमांत एक पैसा कमी पडतो.

११ मार्च

१ ते १० मार्चचं बिल जुन्या आणि नव्या दोन्ही फाइलींत काढलं. कॅल्कच्या दोन्ही आवृत्त्या आणि एक्सेल २०१९ यांत फरक शून्य. गुगल शीट्समध्ये मात्र काही सभासदांच्या एकूण रकमेत एक-दोन पैसे इकडे तिकडे.

मूळ फाइलमध्ये 'प्रिसिजन अ‍ॅज डिस्प्लेड' चालू होतं: दोन दशांश दाखवले की आतला आकडाही दोनच दशांशांचा. कॅल्कमध्ये त्याचा जोडीदार पर्याय आहे आणि तो फाइलबरोबर आला. गुगल शीट्समध्ये तसा पर्याय नाही. तो बंद केला आणि प्रत्येक ओळीच्या रकमेला राउंड(लिटर*दर;२) लावलं. बेरीज गोल केलेल्या ओळींचीच, म्हणजे सभासदाने पावतीवरच्या ओळी कॅल्क्युलेटरवर मांडल्या तर तोच आकडा येईल. चारही ठिकाणी जुळलं.

मूळ प्रत ओडीएस राहील. लेखापरीक्षकांना दर वेळी तीतून एक्सएलएसएक्स काढून द्यायची आणि त्यांच्याकडून आलेली फाइल परत मूळ प्रत म्हणून सेव्ह करायची नाही. त्यांच्या दुरुस्त्या सचिव ओडीएसमध्ये हाताने उतरवतील. शीटची नावं ३१ चिन्हांच्या आत ठेवायची, एक्सेलची मर्यादा तेवढीच आहे आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे मोजले जातात.